पनवेलची चाके

पनवेल हे उतरण्याचे गाव नव्हे, गाडी बदलण्याचे गाव आहे, अशी मुंबईकरांची पक्की समजूत आहे. कोकणात निघालेला प्रवासी येथे चहा घेतो, पुण्याला निघालेला पाय मोकळे करतो, आणि दोघेही घड्याळाकडे पाहत पुन्हा गाडीत चढतात. गाव त्यांनी पाहिलेले नसते; स्टँड पाहिलेला असतो. आम्हा पनवेलकरांना याचे फारसे वाईट वाटत नाही. ज्या गावाचे पोट वाटसरूंवर चालले त्याने वाटसरूला अडवून ठेवायचे नसते. त्याची गाडी धड करून द्यायची असते.

हे मी नुसते गमतीने म्हणत नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा कोणता दिला आहे, ठाऊक आहे? बैलगाडीची चाके तयार करण्याचा! देशावरून माल घेऊन खाली आलेला गाडीवान, खिशात चार पैसे असले तर परत जाताना पनवेलच्या चाकांची एक जोडी घेऊनच जाई, अशी त्यात नोंद आहे. पनवेलचे बंदर जुने. १५७० सालीही त्याचा व्यापारी बंदर म्हणून उल्लेख सापडतो. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल गाड्या भरभरून येथवर उतरू लागला. येथून पुढे गलबते. १८५२ साली येथे नगरपालिका आली, म्हणजे गाव काही लहानसहान नव्हते. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली आणि मालाची वाट बदलली, तरी चाकांचा लौकिक पुढे बराच काळ टिकला. घाट उतरताना चाकांचे काय होत असेल हे ज्याने एकदा भरली गाडी उतारावर धरली आहे त्याला सांगायला नको. तेव्हा घाटाच्या पायथ्याशी, बंदराच्या तोंडाशी चाके करणारे सुतार आणि लोहार वस्तीला राहावेत, हे अगदी साहजिक आहे.

बैलगाडीचे चाक हे मोठे हिशेबी काम. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडी पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, विस्तवात लाल करून फुगवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. निवताना ती आकसते आणि सगळे सांधे असे करकचून धरते की खिळ्याची गरज उरत नाही. धाव फार आखूड झाली तर आरे वाकतात, सैल झाली तर उन्हाळ्यात वाटेतच निसटते. चाकाची उंची हा आणखी वेगळाच प्रश्न. चाक मोठे केले की गाडीचा कणा वर चढतो. पण जू काही वर चढत नाही, ते बैलाच्या मानेवर असते, आणि बैलाची उंची सुताराच्या हातात नसते. मग गाडी पुढे झुकते आणि बैलाच्या मानेवर ओझे येते. चाक लहान केले की उलटे, गाडी उलार होते. म्हणून चाक विकणारा कसबी माणूस आधी गिऱ्हाइकाचे बैल पाहत असणार, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घडले. दादरहून माझा भाचा आपली सायकल घेऊन आला. सतरा वर्षांचा मुलगा. अंगाने काडी, उत्साहाने वणवा. सायकल डोंगरी, म्हणजे जिला सर्व जग माउंटन बाइक म्हणते ती. जाड खाचांचे टायर, डिस्क ब्रेक, आणि पुढच्या चिमट्यात १०० मिलिमीटर दबणारा शॉकअप. चाके सव्वीस इंची. त्याला धोदाणीला जायचे होते, आणि नुसत्या डांबरी रस्त्याने नव्हे, तर त्याच्यापुढच्या दगडगोट्यांच्या बैलवाटेने. मात्र सायकलीचे पुढचे चाक मुंबईच्या एका खड्ड्यात असे काही आपटले होते की त्याचा आउट निघेना. सोबत त्याने मित्राकडचे एक जास्तीचे चाक आणले होते. ते होते साडेसत्तावीस इंची.

"मामा, हेच बसवू या ना! हल्ली परदेशात मुद्दामच पुढे मोठे आणि मागे लहान चाक लावतात."

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस अशी जोडी हल्ली डोंगर उतरण्याच्या शर्यतीत सर्रास दिसते. २०१९ साली सायकल-शर्यतींच्या जागतिक संघटनेने दोन मापांची चाके चालतील असा नियम केला आणि तेव्हापासून ही टूम फारच वाढली. अशा सायकलीला म्हणतात 'मलेट'. आता मलेट म्हणजे आपली खाडीतली बोय! मी मोठ्या आशेने चौकशी केली, पण माशाचा यात काही संबंध नाही असे कळले. पुढे आखूड आणि मानेवर लांब अशी केस ठेवण्याची एक तऱ्हा त्या देशांत आहे, तिच्यावरून हे नाव पडले आहे. मासा असता तर मला अधिक आवडले असते.

माझी बहीण मात्र फोनवर एवढेच म्हणाली, "अरे, चाक कुठले घालायचे ते तुम्ही मामा-भाचे बघा. पोरगा धड घरी आण म्हणजे झाले."

तेव्हा आम्ही मिस्त्रींकडे गेलो. जुन्या पनवेलात, गल्लीच्या तोंडाशी, दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे एवढे त्यांचे दुकान. छताला टायर टांगलेले, भिंतीला पाने, खाली छर्ऱ्यांनी भरलेला एक ॲल्युमिनियमचा डबा. मिस्त्रींनी साठी कधीच ओलांडली आहे. वडिलांच्या काळ्या सायकलींपासून आजच्या लाखभर रुपयांच्या सायकलींपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेले आहे, आणि किमतीवरून सायकलीला मान देण्याची त्यांना सवय नाही.

त्यांनी चाक हातात घेतले, बाजूचे आकडे वाचले आणि म्हणाले, "साहेब, सव्वीस अन् साडेसत्तावीस हे बोलायचे आकडे. मोजायचे वेगळे असतात."

हे मात्र वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. सायकलीच्या चाकाच्या मापांइतका घोळ आमच्या सोसायटीच्या हिशेबांतही नसेल. डोंगरी सायकलीच्या सव्वीस इंची रिमवर जेथे टायरची कड बसते तेथला व्यास असतो ५५९ मिलिमीटर. साडेसत्तावीसचा असतो ५८४ आणि एकोणतीसचा ६२२. म्हणजे साडेसत्तावीस हे काही सव्वीस आणि एकोणतीसच्या बरोबर मध्ये नाही. एका बाजूला २५ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ३८. हे ५८४ चे माप तर मुळात जुने फ्रेंच माप आहे, आणि ६२२ म्हणजे शर्यतीच्या बारीक सायकलीचीच रिम, तिच्यावर जाड टायर चढवला इतकेच. याहून मोठी गंमत पुढेच आहे. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीवर '२८ गुणिले दीड' असे लिहिलेले असे. तिच्या रिमचा व्यास ६३५! म्हणजे ज्या एकोणतीस इंची चाकाचा इतका बोलबाला झाला त्याहून आजोबांच्या सायकलीची रिम मोठी होती. टायर बारीक असल्यामुळे सगळे चाक मिळून थोडे लहान भरे, एवढेच. त्या सायकलीचा चिमटाही पुढे चांगला वाकलेला असे; खड्ड्यांच्या रस्त्यावर ती कशी डुलत डुलत जाई हे ज्यांना आठवते त्यांना आठवत असेल.

डोंगरी सायकल सव्वीस इंचीच का झाली, यालाही फारसे शास्त्र नाही. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागात काही हुन्नरी पोरे जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातले डोंगर उतरत. उतरणीवर मागच्या ब्रेकमधले वंगण जळून जाई आणि प्रत्येक खेपेला ते नव्याने भरावे लागे. त्या भंगारातल्या सायकलींना सव्वीस इंची चाके होती, म्हणून १९७७ साली जो ब्रीझ याने मुद्दाम डोंगरासाठी सायकल बांधली तिलाही तीच आली, आणि पुढे तीस वर्षे सगळ्या जगाने तेच माप गिरवले.

मिस्त्रींनी चाक बसवण्यापूर्वी आस पाहिला, दोन्ही चाकांच्या तुंब्यांची रुंदी १०० मिलिमीटरच आहे हे पाहिले, डिस्कची तबकडी एका चाकावरून काढून दुसऱ्यावर बसवली. डिस्क ब्रेकचे हे एक सुख आहे. रिम कितीही मोठी असो, तबकडी आपल्या जागी राहते. रिमवर घासणारे जुने रबरी ब्रेक असते तर ठोकळे साडेबारा मिलिमीटर खाली राहिले असते आणि प्रश्न तेथेच संपला असता. चाक बसले. फिरवून पाहिले. चिमट्याच्या वरच्या पुलाखालून टायर ऐटीत फिरत होता. मध्ये भरपूर जागा दिसत होती. भाच्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी शॉकअपच्या वरच्या टोकाची टोपी काढली आणि आतली हवा फुस्स करून सोडून दिली. मग हँडलवर दोन्ही हात ठेवून अंगाचा सगळा भार दिला. चिमटा पार तळाला गेला. "आता बघा," ते म्हणाले.

मी वाकून पाहिले. टायर आणि पूल यांच्यामध्ये नखही जाईना.

नवखा माणूस फसतो तो येथेच. उभी असलेली सायकल आणि दगडावरून उडी मारून खाली आदळणारी सायकल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शॉकअप पूर्ण दबला की चाक १०० मिलिमीटर वर येते. त्या क्षणी टायर पुलाला टेकला तर पुढचे चाक जागच्या जागी थांबते, आणि चाक थांबले तरी बसणारा थांबत नाही. तो हँडलवरून पुढे जातो. ताशी वीस किलोमीटरच्या वेगात, समोर दगड असताना. चिखल, टायरला चिकटलेला खडा, भाराखाली किंचित लवणारी धातू, या सगळ्यांसाठी जागा ठेवावी लागते. शॉकअपवर कारखान्याने कमाल किती मापाचे टायर चालेल ते दिलेले असते; तो आकडा शोभेचा नसतो.

"टायर उतरवू," मिस्त्री म्हणाले. नव्या चाकावर सव्वादोन इंच जाडीचा टायर होता. त्यांनी छताचा एक टायर खाली ओढला, एक पूर्णांक पंचाण्णव शतांश इंचाचा. जाडी कमी म्हणजे उंचीही कमी. जवळजवळ ७-८ मिलिमीटरचा फरक. पुन्हा चाक बसवले, पुन्हा चिमटा तळाला दाबला, आणि मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून टायर आणि पुलाच्या मधून आरपार सरकवली. ती अडखळली नाही. "आता चालेल," ते म्हणाले. भाच्याला बारीक टायर पाहून वाईट वाटले, पण तो बोलला नाही. शॉकअपमध्ये पुन्हा हवा भरली गेली.

घरी आल्यावर एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मी हिशेब केला. जुना सव्वीस इंची चाकाचा टायर दोन पूर्णांक एक दशांश इंचाचा होता. त्या चाकाची त्रिज्या भरते सुमारे ३३३ मिलिमीटर. नव्याची, बारीक टायर धरून, ३४२. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून पुढचा आस उचलला गेला तो अवघा ९ मिलिमीटर! पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांत अंतर १०७ सेंटिमीटर. एवढ्या लांबीवर पुढे ९ मिलिमीटर वर गेले की सारी सायकल मागे कलते ती अर्धा अंश.

अर्धा अंश म्हणजे काय मोठे, असे कोणालाही वाटेल. मलाही पाकिटावर तसेच वाटले. पण सायकलीवर बसलेला माणूस तीन जागी बांधलेला असतो; हाताने, पायाने आणि बैठकीने. सायकल अर्धा अंश मागे कलली की सीट पायडलच्या आसाच्या मानाने सुमारे ६ मिलिमीटर मागे जाते आणि तिचे नाक वर होते. हँडल सीटच्या मानाने ५-६ मिलिमीटर उंच येते. पायडलचा आस तीनचार मिलिमीटर वर येतो, तो मात्र कोणाला कळत नाही. सपाटीवर यातले काहीच जाणवत नाही. चढ लागला की भार मागच्या चाकावर जातो, पुढचे चाक हलके होते आणि वाट सोडून भलतीकडे नाक वळवू लागते. शिवाय तासाभराने सीटचे उंचावलेले नाक आपली आठवण करून देते, ते वेगळेच.

आणि मग वळण्याचा प्रश्न. हातगाडीची किंवा कचेरीतल्या फिरत्या खुर्चीची लहान चाके पाहा. खुर्ची ढकलली की ती आपोआप मागे वळून सरळ रांगेत येतात. कारण ती ज्या खुंटीवर फिरतात तिच्या मागे जमिनीला टेकतात. सायकलीच्या पुढच्या चाकाचेही तसेच असते. हँडलचा दांडा तिरका असतो. तो सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवला तर टायर जेथे टेकतो त्याच्या पुढे जाऊन पोचेल. या दोन बिंदूंमधल्या अंतराला इंग्रजीत ट्रेल म्हणतात. आपण मागओढ म्हणू. मागओढ जास्त असेल तर सायकल वेगात सरळ, शांत चालते, पण हळू चालवताना जड होते आणि हँडल एका अंगाला पडू पाहते. कमी असेल तर चपळ, पण उतारावर चंचल. भाच्याच्या सायकलीची मागओढ आधी ८१ मिलिमीटरच्या आसपास होती. नव्या चाकाने ती ८७ च्या घरात गेली. त्यातली निम्मी वाढ चाकाच्या उंचीची आणि निम्मी सायकल मागे कलल्याची. सव्वीसच्या जागी एकोणतीस इंची चाक, तेवढ्याच जाडीच्या टायरसह घातले असते, तर ती शंभराच्या वर गेली असती, आणि सायकल भाच्याची न राहता दुसऱ्याच कोणाची झाली असती.

मागओढीमुळेच सायकल उभी राहते असे पूर्वी पुस्तकांतून ठासून सांगत. डेव्हिड जोन्स नावाच्या एका हिकमती इंग्रजाने १९७० साली चालवताच येणार नाही अशी सायकल बांधण्याचा घाट घातला आणि बऱ्याच खटपटीनंतर मागओढीलाच श्रेय दिले. पुढे २०११ साली अमेरिकेतील कॉर्नेल आणि हॉलंडमधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी मागओढ नसलेली, इतकेच काय चाकांच्या भोवऱ्याचा आधारही काढून घेतलेली एक सायकल बनवली, आणि ती ढकलून दिल्यावर बसणाऱ्याशिवाय आपली सरळ चालत गेली! तेव्हा सायकल का पडत नाही याचे एका वाक्यात उत्तर देणाऱ्या गृहस्थावर फार विश्वास ठेवू नये. मात्र आपल्या ओळखीच्या सायकलीची मागओढ बदलली की तिचा स्वभाव बदलतो, हे कोणीही पाच मिनिटांत अनुभवून पाहू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींकडे पुन्हा फेरी झाली. त्यांना अंश आणि मिलिमीटर सांगण्याची गरजच पडली नाही. त्यांनी भाच्याला सायकलीवर बसवले, भिंतीला धरायला सांगितले, एक पायडल पुढे आडवे ठेवून गुडघ्यापासून ओळंबा सोडला. सुताराचा तो पितळी ओळंबा पाहून मला गॅझेटियरातली नोंद आठवली. सीट त्यांनी पुढे सरकवली. मी मागून पट्टी लावली तर सहा मिलिमीटर भरले! नाक किंचित खाली केले. हँडलच्या खालच्या रिंगांपैकी पाच मिलिमीटरची एक रिंग काढून वर घातली, म्हणजे हँडल तेवढे खाली आले. शॉकअपमधली हवा थोडी कमी केली. बसल्याबरोबर पूर्वी तो २० मिलिमीटर दबत असे, आता २५ दबू लागला. त्यामुळे पुढच्या चाकाने उचललेल्यातले निम्मे येथेच परत मिळाले. पण याला मर्यादा आहे. हवा फार कमी केली तर शॉकअप वारंवार तळाला जातो, आणि आमची पेन्सिलभर जागा आम्हाला पुन्हा पुन्हा तपासायची नव्हती. अखेर मिस्त्रींनी भाच्याला चप्पल नव्हे, बूट घालून हँडल पूर्ण वळवायला लावले आणि पायाचा चवडा पुढच्या टायरला लागत नाही ना हे पाहिले. मोठ्या चाकाची ही खोड हळू वळताना अचूक पाडते.

"पैसे?" मी विचारले.

"टायरचे द्या. बाकी त्याला पास झाला की पेढे आणू द्या."

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी माझ्या साध्या सायकलीवर, भाचा आपल्या मिश्र जोडीवर. रविवारी पहाटे पनवेलच्या रस्त्यांवर सायकलवाले काही कमी दिसत नाहीत. कोणी कर्नाळ्याकडे निघालेला असतो, कोणी जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीकडे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे स्पर्धक याच भागातून बोरघाटाला भिडतात आणि पहिला वर पोचणारा 'घाटाचा राजा' होतो. द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव आहे, आणि ते बरेच आहे.

आमची वाट मात्र पूर्वेची. सुकापूर मागे पडले, इमारती विरळ झाल्या आणि नेऱ्याच्या बाजूला हवा एकदम बदलली. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी उभे राहिलेले शांतिवन येथेच आहे. उजवीकडे प्रबळगड आणि त्याला चिकटून कलावंतिणीचा सुळका, डावीकडे चंदेरी आणि मलंगगडाची रांग, आणि समोर सगळी दिशा अडवून बसलेले माथेरान. मुंबईकर नेरळहून माथेरान चढतात. त्याची ही मागची बाजू आहे, जेथे सूर्य मावळताना पाहायला लोक वर गर्दी करतात त्या कड्याच्या बरोबर खाली. गाढी नदी येथूनच उगम पावून पनवेलला येते. देहरंगच्या धरणावर, ज्याला सगळे गाढेश्वर म्हणतात, घटकाभर थांबलो. पनवेल शहर या धरणाचे पाणी पिते, हे तेथे सहलीला येणाऱ्या किती पनवेलकरांना माहीत असेल कोण जाणे; ज्या रीतीने ते तेथे कागद आणि बाटल्या टाकतात त्यावरून माहीत नसावे.

मालडुंगे ओलांडल्यावर भाताची खाचरे पिवळी पडलेली दिसली. कापणी सुरू होती. ठाकरवाडीतल्या बाया विळा हातात घेऊन ओळीने खाचरात उतरल्या होत्या आणि आमच्याकडे पाहून काहीतरी बोलून हसल्या. आमच्या पोशाखाविषयीच असणार. गेल्या काही वर्षांत या रस्त्याला कुंपणे आणि बंगल्यांच्या कमानी पुष्कळ आल्या आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले, जमिनीचे भाव तर त्याच्या कितीतरी आधीपासून हवेत होते. पण धोदाणीत पोचल्यावर डोंगर इतका जवळ येतो की विमानतळ वगैरे गोष्टी सांगोवांगीच्या वाटतात.

तेथून डांबर संपते आणि बैलवाट सुरू होते. मी सायकल झाडाला टेकवली आणि खाली उतरलो. भाचा वर गेला. चढावर मी त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहत होतो. ते वाट सोडत नव्हते. सीट पुढे घेतल्याचा तो परिणाम. दगडावर चाक किती सहज चढते याविषयी त्याची फार मोठी अपेक्षा होती. मी त्याला सांगितले होते की ६ सेंटिमीटर उंच दगडाला चाक ज्या कोनात भिडते तो ३५ अंशांवरून साडेचौतीसवर येईल, तेवढ्याने दगड मऊ होत नाही. त्याने ते मनावर घेतले नाही. तरुण माणसाने घेऊही नये.

मग तो उतरू लागला. प्रथम दिसला, मग करवंदीच्या जाळीमागे गेला, आणि नुसता आवाज येऊ लागला. खडे उडाल्याचा, साखळी आपटल्याचा. मधेच एक जोरदार धाडकन आवाज झाला आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. बहिणीचे शब्द मला त्या वेळी फार स्पष्ट आठवले. मी वर धावणार तोच तो जाळीच्या कडेने बाहेर आला, सायकलीवर, तोंडभर हसत. एका ओघळीत पुढचे चाक वरून खाली आदळले होते.

सायकल थांबल्यावर मी आधी शॉकअप पाहिला. त्याच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडे असते. शॉकअप जितका दबेल तितके ते वर सरकते आणि तेथेच राहते. ते कडे पार वर, अगदी शेवटाला जाऊन बसले होते. म्हणजे चिमटा पूर्ण तळाला गेला होता. टायरवर पुलाचा ओरखडा नव्हता. मी भाच्याला ते कडे दाखवले. त्याने ते बोटाने चाचपले, मग टायर आणि पूल यांच्यामधल्या जागेकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मामा, मिस्त्रींना पेढे कुठले आवडतात?"

परतीच्या वाटेवर आणखी एक तंटा उद्भवला. त्याच्या सायकलीवरच्या मीटरने घरापासून धोदाणीपर्यंतचे अंतर १८.४ किलोमीटर दाखवले. मोबाइलवर ते जवळजवळ १९ भरत होते. मीटर पुढच्या चाकाचे फेरे मोजतो, आणि त्याला अजून जुन्याच चाकाचा घेर ठाऊक होता. घरी आल्यावर अंगणात खडूने रेघ मारली, टायरवर खूण केली, भाच्याला सायकलीवर बसवले आणि चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत सरळ पुढे ढकलले. फीत लावली तर २ मीटर १३ सेंटिमीटर भरले; मीटरमध्ये होते २ मीटर ७. त्याने आकडा बदलला, आणि मग पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यावर हिशेब करून जाहीर केले की आपण जाऊन-येऊन मीटरपेक्षा एक किलोमीटर जास्त चाललो आहोत, सबब संध्याकाळी एक किलोमीटरची मिसळ जास्त.